दाजींची पिवळी रेघ

आमच्या दाजींना कुणी खोटारडं म्हटलं तर मी त्याची जीभ हासडीन. पण कुणी त्यांना सत्यवचनी म्हणायला लागलं ना, की त्याहून जास्त डोकं फिरतं माझं. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात बायका अजून म्हणतात, "काही म्हणा, हिंदुराव खरं बोलले. स्वतःचं नुकसान करून घेतलं, पण खरं बोलले." डोंबल खरं बोलले! आणि नुकसान काय त्यांच्या एकट्याचं झालं? मी तिथेच वाण हातात घेऊन उभी असते, माझ्याकडे कुणी बघतसुद्धा नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, तारामतीचे यजमान. हिंदुराव घोरपडे. मूळचे कराडकडचे. मिसरूड फुटायच्या सुमाराला फौजेत गेले, ईएमईच्या, म्हणजे फौजेच्या दुरुस्ती खात्याच्या, वर्कशॉपमध्ये गाड्यांचे मेकॅनिक झाले, देशभर फिरले आणि शेवटची पोस्टिंग जयपूरला लागली. तिथूनच हवालदार म्हणून पेन्शनीत निघाले. गावी परत जायचं अक्कानं आणि त्यांनी कितीदा ठरवलं आणि कितीदा मोडलं. शेवटी जयपुरातच, मुरलीपुऱ्यात दुकान टाकलं. पुढे इंजिन ऑइलचे डबे, मागे गाडीखाली उतरायचा खड्डा. गाडी आणा, तेल बदलून घ्या आणि जा.

माझं लग्नही त्यांनीच जमवलं. माझ्या नवऱ्याचं नाव सुधाकर. सरळ नाव घेते, उगाच 'हे' आणि 'ते' करत बसले तर कुठले हे आणि कुठले ते, तुमचा गोंधळ व्हायचा. सुधाकर त्याच वर्कशॉपमध्ये दाजींच्या हाताखाली तयार झालेला. दाजी माझ्या वडलांना म्हणाले, "पोरगा बोलतो कमी, पण कामाला पक्का आहे." वडलांनी तेवढ्यावर मुलगी दिली. नात्यानं दोघे साडू, पण सुधाकरनं त्यांना त्या नात्यानं कधी हाक मारली नाही. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. मांडवात काय, आमच्या हर्षालीच्या बारशाला काय, "उस्ताद, बसा", "उस्ताद, आधी तुम्ही घ्या." तो शब्द कानावर पडला की दाजींची मान ताठ व्हायची. अक्का हसायची आणि म्हणायची, "ह्यांना जेवायला वाढू नका, सुधाकररावांनी दोनदा उस्ताद म्हटलं की झालं ह्यांचं पोट भरून."

आता ती रेघ. त्यांच्या वर्कशॉपात पद्धत होती. नट आवळून झाला की नटावरून खाली गाडीच्या अंगापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढायची. नट ढिला झाला किंवा कुणी परस्पर सोडला, तर रेघ तुटलेली दिसते. आणि रेघ ज्याची, जबाबदारी त्याची. दाजींनी ही पद्धत जशीच्या तशी दुकानात आणली. तेल बदललं की खड्ड्यात उतरून खालच्या बोल्टवर एक आणि वर येऊन फिल्टरवर एक, अशी पिवळी रेघ मारायचे. मग हात पुसत गिऱ्हाइकाला सांगायचे, "ही शाबूत आहे तोवर जबाबदारी माझी. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका." मिलिटरी स्टेशनातली मराठी कुटुंबं, बदलीवर आलेले बँकेतले, विम्यातले, सगळे त्यांच्याकडे. मग इथले लोकही यायला लागले. "मराठी अंकल का निशान लगवा लो," म्हणायचे एकमेकांना.

साधं तेल विकत होते तोवर काही बिघडलं नाही. मग लोकेश आला.

लोकेश तेल कंपनीचा माणूस. कंपनीचं नाव मी घेत नाही, मला पुन्हा कोर्टाची पायरी नको. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, आल्या आल्या वाकून दाजींच्या पायाला हात. "अंकलजी, ऐसा तेल लाया हूँ, एक बार डालो और भूल जाओ." लांब पल्ल्याचं तेल. नेहमीचं तेल जिथं दमतं त्याच्या अडीचपट चालणार, म्हणे. गिऱ्हाइकाच्या फेऱ्या वाचणार. दाजींनी डबा हातात घेतला, झाकण उघडून वास घेतला, दोन बोटांत चोळून बघितलं आणि म्हणाले, "चीज अच्छी है." तेल चांगलंच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लोकेश रोज कानाशी म्हणायचा, अंकलजी, लोगों को बोलो बीच में खोलना ही नहीं है, आपका निशान है तो मानेंगे. आणि दाजीही गिऱ्हाइकांना तेच सांगायला लागले. फोनमध्ये त्यानं त्या पिवळ्या रेघेचा फोटो काढून नेला. मालवीय नगरातल्या हॉटेलात दुकानदारांचा मेळावा झाला तेव्हा तो फोटो मोठ्या पडद्यावर दाखवला, दाजींना स्टेजवर बोलावून शाल घातली आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. सगळ्यांदेखत लोकेश म्हणाला, "विश्वास ऐसे बेचा जाता है." घरी येऊन दाजींनी ते वाक्य आम्हाला जेवताना तीन वेळा ऐकवलं. घड्याळ अक्काच्या हॉलमध्ये लागलं.

त्याच सुमाराला सुधाकरनं नवीन गाडी घेतली. तोही पेन्शनीत निघाला होता, टूरिस्टांना फिरवायची टॅक्सी टाकायची होती. पूजा झाली, लिंबू ठेवलं आणि पहिली रेघ अर्थात उस्तादांची. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली, तिथल्या माणसानं तेल बदलतो म्हटलं, तर सुधाकरनं बोनेटवर हात ठेवला. "उसको हाथ मत लगाना. हमारे उस्ताद की लाइन है." तो माणूस म्हणाला, "साहब, वॉरंटी में दिक्कत आएगी." सुधाकर हसला. घरी येऊन मला सांगितलं, मीही हसले. म्हटलं, ह्यांना काय, तेल खपवायचं असतं.

आणि काम कसं होतं बघा टॅक्सीचं. पाहुणे आमेरला उतरणार, किल्ला बघायला वर जाणार, उन्हात भाजून परत येणार, त्यांना गाडी थंडगार हवी. म्हणजे गाडी पार्किंगमध्ये एसी लावून तासन् तास चालू. चाक फिरत नाही, इंजिन फिरतंय. मीटरवर किलोमीटर चढत नाही, तेल मात्र जळतंय. वर जूनचं ऊन आणि वाळू. वर्कशॉपात जनरेटरचं तेल तासांवर बदलायचे, किलोमीटरवर नाही, हे दाजींना पाठ होतं. पण डब्यावर किलोमीटर लिहिलेले, लोकेशच्या तोंडात किलोमीटर आणि गिऱ्हाईक साडू. कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

अजमेर रोडवर पाहुणे बसलेले असताना इंजिन जाम झालं. धाडकन आवाज आला आणि गाडी तिथंच मेली. सुधाकरनं पाहुण्यांना दुसऱ्या गाडीत बसवून दिलं आणि मला फोन केला. नुसता म्हणाला, "सुवर्णा, गेली." मला आधी वाटलं, कुणी माणूसच गेलं.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी इंजिन उघडलं तेव्हा सुधाकर, दाजी आणि मी तिथं होतो. आत तेल नव्हतंच, नुसता काळा गाळ, कढईत करपलेल्या काकवीसारखा. तिथल्या माणसानं एसीचं आणि उभ्या गाडीचं सगळं समजावून सांगितलं. शिवी दिल्यासारखं नाही, चांगलं शांतपणे. मग म्हणाला, वॉरंटी मिळणार नाही, वेळेवर तेल बदललं नाही तुम्ही. दाजी गाडीखाली वाकले. बोल्टवरची रेघ तशीच्या तशी होती, अखंड, पिवळीजर्द. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

रात्री हर्षालीनं डब्याचा फोटो काढून फोनवर मोठा केला आणि वाचून दाखवला. तिचं मराठी ते तसलं, अर्धं हिंदी. "मतलब बाबा, इथं 'तक' लिहिलंय. पच्चीस हज़ार तक. आणि खाली लिहिलंय, गाडीच्या कंपनीनं सांगितलेल्या वेळेलाच बदला. मतलब यांनी तर आधीच हात वर केलेत." अक्षर इतकं बारीक की मुंगीलासुद्धा चष्मा लागावा. लोकेशला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी आला, पण आता पायाला हात नाही. "अंकलजी, कंपनी ने 'तक' बोला था. खोलना ही नहीं है, ये तो आपने बोला." असं म्हणाला आणि चहा न घेता गेला. मेला हात झटकून मोकळा!

टॅक्सी म्हणजे आमच्या घराचं पोट. ती बंद, तर सगळंच बंद. वकील गाठला. तो म्हणाला, ग्राहक आयोगात जा. पण दावा कंपनीवर आणि विकणाऱ्यावर, दोघांवर करावा लागेल. सुधाकर उठूनच उभा राहिला. "उस्तादांवर मी केस करू? जमणार नाही." वकिलानं खाली बसवलं. म्हणाला, नाव नुसतं कागदावर येईल. त्यांनी फक्त खरं ते सांगायचं, की कंपनीच्या माणसानं मला असं असं बोलायला सांगितलं, माझ्या निशाणीचा फोटो नेला, स्टेजवर दाखवला, मी तेच लोकांना सांगितलं. मग बोजा कंपनीवर. पण विकणाऱ्यानं आपल्या मनानं, कंपनीपेक्षा वेगळी हमी दिली असं ठरलं, तर कायद्यानं ती त्याच्या गळ्यात. कंपनी सुटेल.

इतकं सोपं होतं. मीच गेले अक्काकडे. स्वयंपाकघरात बसून दोघी बहिणींनी सगळं नीट बोलून घेतलं. अक्का म्हणाली, "हे खोटं थोडंच आहे? लोकेश माझ्यासमोर बोलायचा, मी चहा देत होते." दाजींना पानावर बसवून सांगितलं. त्यांनी ताकाची वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली आणि म्हणाले, "बरं." मी शपथेवर सांगते, बरं म्हणाले. अक्कानं त्यांना वर एक भाकरी वाढली.

आयोगाच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. आमच्या बाजूला मी आणि सुधाकर, समोरच्या बाजूला अक्का आणि दाजी. लग्नकार्यातसुद्धा आम्ही बहिणी कधी अशा समोरासमोर बसलो नव्हतो. दाजी मेडल लावून आले होते. मला तेव्हाच खटकलं. मेडल कशाला, लोकेशचं नाव घ्यायला? लोकेश मागच्या बाकावर फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

कंपनीचा वकील मऊ आवाजाचा. दोनच गोष्टी विचारायची परवानगी मागितली. रेघेचा फोटो पुढे धरला.

"हवलदार साहब, ये पीली लाइन आपकी है?"

"मेरी है."

"कंपनी ने कहा था लगाने को?"

"मैं किसी के कहने से लाइन नहीं लगाता."

इथपर्यंतही ठीक होतं. रेघ त्यांचीच होती. मग तो वकील आणखी मऊ झाला. "डिब्बे पर तो नहीं लिखा कि बीच में खोलना मना है. ये भरोसा लोगों को किसके कहने पर दिया? कंपनी के किसी आदमी ने सिखाया था आपको?"

झालं, दारच उघडून दिलं त्यानं. मी मनात ओरडत होते, म्हणा लोकेश. म्हणा, तो मागे बसलाय तो. अक्कानं पदर तोंडाशी धरला होता. दाजींनी लोकेशकडे बघितलं नाही, वकिलाकडे बघितलं नाही. त्यांनी सुधाकरकडे बघितलं. चांगलं रोखून बघितलं.

"मुझे कोई क्या सिखाएगा?" म्हणाले. "हिंदुराव घोरपडे की लाइन है. भरोसा मेरा, ज़िम्मेदारी मेरी."

वकिलानं कागद बंद केले. "फौजी आदमी हैं, सच बोलते हैं," असं म्हणून त्यानं दाजींपुढे चक्क मान लववली. आणि दाजींनी तो मान घेतला हो! ताठ उभं राहून घेतला.

आदेश यायला वेळ लागला, पण आला तो असाच आला. कंपनी सुटली. सगळी भरपाई विकणाऱ्यानं द्यायची, कारण हमी त्याची स्वतःची. सुधाकर म्हणाला, मी वसूल करणार नाही. दाजींनी निरोप पाठवला, शब्द दिलाय. दुकान विकलं, खड्ड्यासकट विकलं आणि आमच्या गाडीत नवीन इंजिन बसलं. विकत घेणारा माणूस लोकेशनंच आणला. अक्का आता भाड्याच्या एका खोलीत कोचिंगच्या पोरांचे डबे करते, गुडघे धरून जिने चढते. माझ्याशी बोलते ती कामापुरतं, "गॅस आला का" आणि "दळण आणलं का". मी गाडीत बसले की मला तिचे गुडघे आठवतात आणि दाजींचा राग येतो, आणि मग माझाच राग येतो की इंजिन आम्ही घेतलं कसं.

मंडळातल्या बायका ह्याला खरं बोलणं म्हणतात. अहो, अर्धं खरं! लोकेशचं अर्धं गिळलंच ना त्यांनी?

परवा दुकानाच्या नव्या मालकाचा फोन आला. दाजींचा लोखंडी व्हाइस, वस्तू घट्ट धरून ठेवायचा तो जडशीळ चाप, तिथंच राहिला होता. जागा अडते, घेऊन जा, म्हणाला. अक्काच्या भाड्याच्या खोलीत ठेवायला जागा नाही, म्हणून आमच्या इथं पार्किंगमध्ये ठेवायचं ठरलं. सुधाकर टॅक्सीच्या ड्यूटीवर होता, तेव्हा रिक्षा करून दाजींबरोबर मीच गेले.

दुकानावर तीच पाटी, तेच तेल, आणि दाराशी खिळ्याला रंगाची डबी आणि ब्रश टांगलेला. हिरवा रंग. मालक एका गाडीच्या फिल्टरवर रेघ मारत होता. आम्हाला बघून खूश झाला. "अंकलजी, आपका ही आइडिया. कंपनी ने स्कीम निकाली है. हर दुकानदार का अपना रंग, अपना निशान, अपनी गारंटी. लोकेशजी खुद सिखाके गए."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथंच म्हणाले, "दाजी, कळलं का हे काय आहे? उद्या इंजिन जाम झालं की निशाणी दुकानदाराची, हमी दुकानदाराची. कंपनी मोकळी. तुमच्याकडून शिकले ते, तुमच्या जबानीतून!"

दाजी ऐकत होते की नव्हते कोण जाणे. त्यांची नजर त्या फिल्टरवर होती. पुढे झाले, मालकाच्या हातातून ब्रश घेतला, फडक्यानं त्याची रेघ पुसली आणि स्वतः ओढली. एका दमात, सरळ.

"वाकडी होती," म्हणाले.

रिक्षात व्हाइस आमच्या दोघांच्या पायांमध्ये होता. सीकर रोड संपला. मग राहवलं नाही. "एवढं सांगते. त्या दिवशी तुम्हाला कळलं नव्हतं का, तो वकील काय काढून घेतोय ते?"

"कळलं होतं की."

"मग?"

"तो म्हणाला, तुम्हाला कुणी शिकवलं का. सुधाकर समोर बसलेला. त्याच्यादेखत मी काय म्हणू, ते काल आलेलं पोरगं मला शिकवत होतं? त्यानं सांगायचं आणि मी रेघ मारायची? मग तो मला उस्ताद कशाला म्हणेल गं?"

मला त्यांना धरून हलवावंसं वाटलं, आणि रडावंसंही वाटलं. दुकान गेलं, अक्काचे गुडघे गेले, बहीण बहिणीला दुरावली, ती ह्या एका शब्दासाठी. माझ्या तोंडून नुसतं "अहो दाजी" एवढंच आलं.

जगतपुऱ्यात आमच्या घराशी आलो तेव्हा सुधाकर ड्यूटीवरून परतून खाली गाडी धूत होता. रिक्षा थांबलेली बघून त्यानं पाईप खाली ठेवला, हात पुसले आणि पुढे आला. व्हाइसची एक बाजू त्यानं धरली, एक दाजींनी. दाजी त्याच्या तोंडाकडे बघत होते, कान देऊन. मला तेव्हा आठवलं, त्या आयोगाच्या खोलीनंतर दोघं असे पहिल्यांदाच भेटत होते.

"सावकाश, हिंदुराव," सुधाकर म्हणाला. "इकडे भिंतीला ठेवू."

दाजींनी त्यांची बाजू नीट भिंतीला टेकवली, हात झाडले आणि मला म्हणाले, "चहा नको आता. तारा वाट बघत असेल." रिक्षावाला वळवत होता, त्याच रिक्षात बसून गेले.